शिबिरात शुगर बघता, मग पाय कोण बघणार?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात दर आठवड्याला नाशिकमधल्या कुठल्या ना कुठल्या आरोग्य शिबिराची बातमी असते, कधी सिडको, कधी पंचवटी, कधी आमच्या नाशिकरोडला. फोटोत बॅनर, हार घातलेले पाहुणे आणि मागे खुर्च्यांवर ओळीने बसलेले आजी-आजोबा. बीपी बघतात, बोटाला टोचून शुगर बघतात, डोळे तपासतात, चष्मे वाटतात. सगळं चांगलंच आहे, मला त्यात खोट काढायची नाहीये. पण यातल्या किती शिबिरांत कोणी म्हणतं की काका मोजे काढा बघू, आजी साडी जरा घोट्याच्या वर घ्या? मी तरी बघितलं नाही. आणि म्हाताऱ्या माणसांच्या पायाला शिरांच्या दुखण्याने होणारा कातडीचा एक्झिमा असा एक त्रास होतो जो नुसत्या नजरेने ओळखता येतो, मशीन नको, रक्त काढायला नको, फक्त कोणीतरी खाली वाकून बघायला पाहिजे. त्यावर आपल्या पेपरात सविस्तर काही आलं नाही म्हणून हे पत्र, थोडं लांबेल, कापायचं तर कापा पण ट्यूबांचं जे लिहिलंय ते ठेवा.

माझं नाशिकरोडला औषधाचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो, निदान करणं माझं काम नाही. पण औषध दुकानदाराला जेवढे पाय दिसतात तेवढे डॉक्टरला पण दिसत नसतील, कारण डॉक्टरकडे माणूस छातीत दुखतं, गुडघा दुखतो म्हणून जातो आणि आमच्याकडे येऊन म्हणतो, "भाऊ, ती खाजेची ट्यूब द्या ना, मागच्या वेळी नेली होती ती." मग मी विचारतो कुठे खाजतंय, तर उत्तर ठरलेलं, "इथे पायाला, घोट्याच्या वर, जुनं गजकर्ण आहे." दाखवा म्हटलं की पँट वर होते, आणि ते गजकर्ण नसतं.

ते कसं दिसतं ते सांगतो म्हणजे घरात कोणाला असेल तर लक्षात येईल. सुरुवात बहुतेक वेळा आतल्या बाजूच्या घोट्याच्या वर होते, दोन्ही पाय जवळ आणले की जे घोटे एकमेकांना लागतात ना, त्यांच्या जरा वर. आधी नुसती संध्याकाळची सूज, मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ खोल उमटतो, सकाळी उठलं की सूज उतरलेली म्हणून कोणी मनावर घेत नाही. मग तिथली कातडी कोरडी पडते, कोंडा निघाल्यासारखे पापुद्रे सुटतात, खाज सुटते, रात्री जास्त. हळूहळू तिथे तपकिरी काळपट डाग पडायला लागतात, आधी ठिपके ठिपके, नंतर सगळे मिळून घोट्याभोवती एक काळा पट्टाच होतो. लोकांना वाटतं मळ आहे, एक आजी तर वजरीने घासत होत्या रोज आंघोळीला. ते घासून जाणारं नाहीच, कारण तो रंग बाहेरून लागलेला नसतो, तो आतून आलेला असतो.

डॉक्टर लोक याला स्टॅसिस डर्मटायटिस म्हणतात नाहीतर व्हीनस एक्झिमा म्हणतात, चिठ्ठीवर दोन्ही दिसतं. दिसतो कातडीचा रोग पण मूळ दुखणं शिरांचं. पायातलं अशुद्ध रक्त वर हृदयाकडे जायला चढण चढावी लागते, आणि ते खाली परत पडू नये म्हणून शिरांमध्ये जागोजागी व्हॉल्व्ह असतात. निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदाराला हे एका मिनिटात कळेल, विहिरीतल्या मोटरीचा फूट व्हॉल्व्ह गळका झाला की काय होतं, मोटर बंद केली रे केली की पाइपातलं सगळं पाणी परत खाली. तसंच शिरांचे व्हॉल्व्ह सैल झाले की रक्त घोट्यापाशी येऊन साचतं. उभं राहिल्यावर घोट्याजवळच्या शिरांत साधारण ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो, चालायला लागलं की पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि चांगल्या पायात तो दाब ३० च्या खाली येतो. बिघडलेल्या पायात तो उतरतच नाही, दिवसभर तसाच राहतो. मग बारीक बारीक केशवाहिन्यांतून पाणी झिरपतं ती सूज, रक्तातल्या तांबड्या पेशी झिरपतात त्या तिथेच फुटतात आणि त्यांच्यातलं लोह कातडीत साचतं, तोच तो तपकिरी रंग. आता सांगा, वरून गजकर्णाची ट्यूब चोळून हे कसं जाणार.

कोणाला होतं? वय हे एक मोठं कारण आहेच, पन्नाशी-साठीनंतर जास्त दिसतं. वजन जास्त असलेले, घरात आईला किंवा वडिलांना फुगलेल्या शिरा होत्या असे, ज्यांची तीन-चार बाळंतपणं झाली त्या बायका, पूर्वी कधी पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती किंवा पायाचं मोठं फ्रॅक्चर झालं होतं असे लोक. आणि ज्यांनी आयुष्य उभ्याने काढलं ते. आपल्या नाशिकात अशांची काय कमी आहे हो? सातपूर-अंबडच्या कंपन्यांत मशीनपुढे आठ-आठ तास उभे राहिलेले, नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले, शाळेचे मास्तर, ट्रॅफिक पोलीस, खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या मावशी, मेनरोडचे दुकानदार, सीझनला द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये उभ्याने घड निवडणाऱ्या बायका. आणि आम्ही औषधवाले, आमच्या धंद्यात तर खुर्ची असते पण बसायला मिळत नाही. दुसरा गट याच्या अगदी उलटा, म्हणजे गुडघे गेले म्हणून चालणं बंद आणि सकाळपासून रात्रीपर्यंत खुर्चीत पाय खाली सोडून टीव्हीपुढे. काही जण दम लागतो म्हणून झोपतात पण खुर्चीतच. त्यांच्या पोटरीचा पंप चालतच नाही, व्हॉल्व्ह चांगले असले तरी रक्त साचणारच.

चालणं वाईट नाही हे मुद्दाम सांगतो, कारण पाय सुजला की घरचे पहिले म्हणतात आता फिरणं बंद करा. उलट आहे. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जाणाऱ्या माणसाची पोटरी सतत काम करत असते, त्रास होतो तो दर्शनाच्या रांगेत तासन् तास एका जागी उभं राहून. गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी चकरा मारणाऱ्या मंडळींनी चकरा माराव्यात, नंतर कोपऱ्यावर तासभर उभ्याने राजकारण चालतं ते बसून करावं एवढंच.

आता ओळखायचं कसं. बहुतेक माहिती गोऱ्या कातडीवरून लिहिलेली असते, त्यात लाल चट्टा लाल चट्टा असं असतं. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथे जांभळट, राखाडी किंवा गडद तपकिरी दिसतं, त्यामुळे लाल नाही म्हणून काही नाही असं समजू नका. उजेडात बघा. संध्याकाळी बघा, सकाळी नको, सकाळी सूज उतरलेली असते आणि शिबिरं नेमकी सकाळी असतात! नडगीवर अंगठ्याने आठ-दहा सेकंद दाबून धरा, काढल्यावर खड्डा राहतो का बघा. मग माणसाला उभं करून पोटरीच्या आणि मांडीच्या आतल्या बाजूला निळ्या वळवळीत फुगलेल्या शिरा दिसतात का बघा, पण लठ्ठ पायात आतल्या शिरा दिसतही नाहीत, त्यामुळे शिरा दिसल्या नाहीत म्हणून रोग नाही असं नसतं. घोट्याच्या वरची कातडी चिमटीत धरता येते का? जुन्या दुखण्यात ती टणक होते, चिमटीत येत नाही, खाली घोट्यापाशी पाय आवळल्यासारखा बारीक आणि वर पोटरी सुजलेली असा विचित्र आकार होतो. मध्येच पांढरे, चमकदार, खोलगट व्रणासारखे ठिपके दिसले तर ते कोडाचे नाहीत, ती पण याचीच खूण असते. ही कातडी फार नाजूक असते, पलंगाची कड लागली, नख लागलं, तरी जखम होते आणि ती भरता भरत नाही.

त्या जखमेपर्यंत जाऊ द्यायचं नाही म्हणूनच आधी ओळखायचं. घोट्याच्या आतल्या बाजूला, उथळ, वेड्यावाकड्या कडांची, सतत पाणी गळणारी, महिनोन् महिने चालणारी. माणूस लग्नाकार्याला जाणं सोडतो, वास येतो म्हणून नातवंडांना जवळ घेत नाही. आणि अशी जखम वर्षानुवर्षं राहिली तर क्वचित तिच्यात कॅन्सर पण होऊ शकतो, म्हणून न भरणाऱ्या जुन्या जखमेचा तुकडा तपासायला डॉक्टर सांगतात तेव्हा घाबरून पळू नका. एक सांगून ठेवतो, उघडी जखम असताना रामकुंडात डुबकी नको, श्रद्धा माझी पण आहे, पण हातापायावर पाणी शिंपडलं तरी गोदामाई रागावत नाही.

गोंधळ कशाकशाशी होतो? गजकर्णाचं सांगितलंच. गजकर्णाचा चट्टा गोल असतो, कडेला उठाव आणि मध्ये साफ, आणि तो जांघेत, कमरेला जास्त असतो. शुगरवाल्यांना प्रत्येक गोष्ट शुगरची वाटते, नडगीवर शुगरमुळे लहान तपकिरी ठिपके येतात हे खरं, पण त्याला खाज आणि सूज सहसा नसते. शुगरची जखम जास्त करून तळव्याला किंवा बोटांना होते. फिकट डाग असेल आणि तिथे स्पर्शच कळत नसेल तर ते वेगळं, कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात त्याचे उपचार मोफत आहेत आणि तो बरा होतो. दोन्ही पायांना सूज आणि रात्री आडवं पडल्यावर दम, तर हृदय बघायचं. सकाळी उठल्यावर डोळ्याखाली सूज असेल तर किडनी.

पण सगळ्यात मोठा गोंधळ सेल्युलायटिसशी होतो, कातडीखालचा जंतुसंसर्ग, आपल्याकडे जुनी माणसं धावरं म्हणतात. पाय लाल, गरम, सुजलेला दिसला की अँटिबायोटिक सुरू, कधी कधी ॲडमिट करून सलाईनमधून. सेल्युलायटिस खरोखर गंभीर असतो, त्याला उशीर चालत नाही, पण तो साधारणपणे एकाच पायाला होतो, एक-दोन दिवसांत झपाट्याने पसरतो, ताप-थंडी असते, हात लावू देत नाही इतकं दुखतं. शिरांचा एक्झिमा महिन्यांनी वाढतो, बऱ्याचदा दोन्ही पायांना असतो, दुखण्यापेक्षा खाज जास्त, पापुद्रे निघतात, आणि ताप नाही. दोन्ही पायांना एकदम सेल्युलायटिस होणं दुर्मिळ आहे हे त्वचारोगतज्ज्ञ कायम सांगतात. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाला, रिटायर्ड माणूस, दोन्ही पाय तसेच, एका ठिकाणी अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स झाले, पोट बिघडलं, तोंड आलं, पाय जिथल्या तिथे. शेवटी त्वचारोगतज्ज्ञाने दोन मिनिटं पाय वर करून बघितला आणि शिरांच्या डॉक्टरकडे पाठवलं. अर्थात या एक्झिम्याच्या भेगांतून जंतू शिरून वर खरा सेल्युलायटिस पण होऊ शकतो, त्यामुळे ताप आला, एक पाय अचानक जास्त लाल-गरम झाला, तर घरी बसून हे पत्र वाचत बसू नका.

तसंच एकच पाय एकाएकी सुजला, पोटरी दुखायला लागली, विशेषतः ऑपरेशननंतर, लांबच्या प्रवासानंतर किंवा बरेच दिवस अंथरुणावर असल्यावर, तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते. त्याच दिवशी दवाखाना. आणि त्यात दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ १०८ ला फोन.

आता ट्यूबा. हा माझा जिव्हाळ्याचा विषय. आपल्याकडे एकाच ट्यूबमध्ये स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं सगळं घातलेलं मिळतं, लोकांना नाव नसतं माहीत पण रंग माहीत असतो, "ती हिरव्या पट्ट्याची द्या". लावली की दोन दिवसांत खाज थांबते, स्टिरॉइडचं कामच ते. बंद केली की परत, मग परत ट्यूब, असं करत वर्षं जातात. सततच्या स्टिरॉइडने कातडी पातळ होते, आणि या रोगात कातडी आधीच कागदासारखी झालेली असते. खरंच बुरशी असेल तर ती दबून राहते आणि आत पसरते, मग डॉक्टरलाही ओळखू येत नाही. त्यात त्या ट्यूबांमधल्या निओमायसिन नावाच्या अँटिबायोटिकची ॲलर्जी अशा पायांना फार लवकर येते, म्हणजे औषध लावतोय म्हणून वाढतंय आणि वाढतंय म्हणून अजून लावतोय. काहींना पायावरच्या एक्झिम्याने पेटून हातावर, अंगावर पण पुरळ येते, मग ते म्हणतात रक्त खराब झालं, आणि रक्तशुद्धीची बाटली मागतात.

स्टिरॉइड वाईट आहे असं मी म्हणत नाही, त्वचारोगतज्ज्ञ पण देतात, पण योग्य ताकदीचं, ठरावीक दिवस, ठरावीक जागी, आणि मग बंद. चिठ्ठीशिवाय हे द्यायला नको हा नियम आहे, आमच्या धंद्यातले सगळे पाळतात असं मी छातीठोक सांगू शकत नाही, गिऱ्हाईक पण ऐकत नाही, इथे नाही म्हटलं की पुढच्या चौकात मिळतं. घरगुती प्रकार तर विचारू नका, तुरटी, लिंबू, चुना, जंतुनाशक टाकलेलं कडकडीत गरम पाणी. यातलं प्रत्येक त्या कातडीला अजून कोरडं करतं. काही लावायचंच असेल तर बिनवासाची पांढरी व्हॅसलीनसारखी जेली लावा, दिवसातून दोन-तीनदा, आंघोळ झाल्या झाल्या, ओलसर कातडीवर, वरून खाली केसांच्या दिशेने. ती काउंटरवरची सगळ्यात स्वस्त वस्तू आहे, कदाचित म्हणूनच तिच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

गोळ्यांचं पण एक बघा. बीपीची अमलोडिपिन, जी आमच्याकडे पाकिटांवर पाकिटं जाते, तिने काही जणांच्या घोट्याला सूज येते, डोस वाढला की जास्त. गुडघ्यासाठी रोज घेतल्या जाणाऱ्या पेनकिलरने अंगात मीठ-पाणी धरून राहतं. नसांच्या दुखण्याची प्रीगाबालिन, शुगरची पायोग्लिटाझोन, यांनी पण सूज येऊ शकते. याचा अर्थ उद्यापासून बीपीची गोळी बंद असा काढू नका, बीपीने लकवा मारला तर पायाचं कौतुक कोण करणार. गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरला विचारा, बदलून मिळते. आणि शेजाऱ्याची लघवीची गोळी स्वतःच्या मनाने घेऊन सूज उतरवू नका, शिरांची सूज त्याने बरी होत नाही, म्हाताऱ्या माणसाचं सोडियम उतरलं की चक्कर येऊन पडतो आणि मग खुबा मोडतो.

खरा उपचार आहे तो दाबाचा. म्हणजे कॉम्प्रेशन स्टॉकिंग, घोट्याला जास्त घट्ट आणि वर जाता जाता सैल, बहुतेकांना २० ते ३० मिलिमीटर दाबाचे गुडघ्याखालचे सांगतात. पण ते पण आधी तपासणी करूनच. ज्यांच्या पायाला शुद्ध रक्त नेणाऱ्या रक्तवाहिन्याच अरुंद झाल्यात, बिडी-सिगारेटवाले, जुनी शुगर, थोडं चाललं की पोटरीत गोळे येऊन थांबावं लागतं असे, त्यांना घट्ट मोजा घातला तर पायाचा रक्तपुरवठा अजून कमी होईल. म्हणून डॉक्टर हाताचं आणि घोट्याचं बीपी घेऊन घोट्याच्या आकड्याला हाताच्या आकड्याने भागतात, ०.८ च्या खाली आला तर जपून, ०.५ च्या खाली असेल तर घट्ट काही बांधायचंच नाही. शुगरवाल्यांत कडक रक्तवाहिन्यांमुळे हा आकडा फसवा येऊ शकतो, त्यांनी नुसत्या आकड्यावर जाऊ नये.

आणि कृपा करून नी-कॅपला स्टॉकिंग समजू नका. पायाला सूज म्हणून नी-कॅप नेणारे खूप आहेत, गुडघ्याला आवळलं की खालचं रक्त वर जायचं ते पण अडतं, संध्याकाळी पोटरी टम्म. क्रेप बँडेज पण लोक घोट्यापासून सुरू करतात नाहीतर वर जास्त ओढतात. ते बोटांच्या मुळापासून सुरू करायचं, टाच झाकायची, अर्धा पदर अर्ध्यावर येईल असं गुंडाळत वर जायचं, आणि वर कमी ताण. स्टॉकिंगचं माप सकाळी द्यायचं, सूज यायच्या आत, घोटा आणि पोटरी टेपने मोजून, "मोठा साइज द्या, सैल बरं पडतं" असं नाही. सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी चढवायचा, रात्री झोपताना काढायचा. बायकांनी जोडवी आणि पैंजण काढून ठेवायचे, जोडव्यात अडकून मोजा फाटतोच पण खालच्या नाजूक कातडीवर रुतून जखम होते, सासूबाई काय म्हणतील हा प्रश्न सत्तरीच्या बाईलाही पडतो याचं मला नवल वाटतं. चढत नसेल तर स्वयंपाकाचे रबरी हातमोजे घालून ओढा, पुढून बोटं उघडी असलेला मोजा असेल तर आधी पावलावर गुळगुळीत कॅरीबॅग चढवा, वरून मोजा, मग बोटांकडून पिशवी ओढून काढा. नाशिकच्या मे महिन्यात हे घालणं शिक्षा आहे हे मान्य. कुलर लावा, दुपारी पाय वर करून पडा तेव्हा काढा, पण कपाटात ठेवून देऊ नका. साधारण सहा महिन्यांत इलॅस्टिक ढिलं होतं, मग तो नुसता महाग मोजा उरतो.

पाय वर म्हणजे स्टुलावर नाही, छातीच्या वर. आडवं पडून पोटरीखाली दोन उशा, दिवसातून तीन-चार वेळा, वीस मिनिटं. पलंगाच्या पायथ्याकडच्या पायांखाली एकेक वीट ठेवली तरी चालते, हृदयाचा त्रास असलेल्यांनी मात्र विचारून. बसल्या बसल्या टाचा वर-खाली करा, पावलं पुढे-मागे, मालिकेच्या प्रत्येक जाहिरातीत केलं तरी भरपूर व्यायाम होतो.

शिरांचा कलर डॉपलर एकदा करून घ्या, दुखत नाही, सोनोग्राफीच असते, शिरांसाठी उभं करून बघतात. कोणती शीर गळतीय ते कळलं की लेसर, रेडिओफ्रिक्वेन्सी किंवा फोमचं इंजेक्शन असे उपाय आहेत, बऱ्याच वेळा त्याच दिवशी घरी सोडतात. लोक म्हणतात आधी जखम भरू द्या मग बघू. इंग्लंडमध्ये ४५० रुग्णांवर याचा अभ्यास झाला, २०१८ साली छापून आला, ज्यांच्या शिरांवर लवकर उपचार केले त्यांची जखम साधारण ५६ दिवसांत भरली आणि ज्यांनी थांबून केले त्यांची ८२ दिवसांत, दाबाची पट्टी दोघांनाही बांधलेलीच होती. तेव्हा या वयात कशाला चिरफाड असं म्हणून मुलांनी परस्पर निर्णय घेऊ नये, आधी त्या डॉक्टरचं ऐकून तरी घ्यावं. काळा डाग मात्र उपचारानंतरही बऱ्याचदा राहतो, खाज-सूज गेली तर डागावरून डॉक्टरशी भांडू नका.

आता माझी मागणी. संपादक साहेब, शिबिरं घेणाऱ्या मंडळांना, ज्येष्ठ नागरिक संघांना तुमच्या पेपरातून एवढं सांगा की शुगरच्या टेबलाशेजारी एक खुर्ची आणि एक कमी उंचीचं स्टूल ठेवा, एक पडदा लावा म्हणजे आजींना संकोच वाटणार नाही, आणि एक नर्स दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत बघेल. आरोग्य विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे, विद्यार्थ्यांना पाठवलं तर त्यांचंही शिक्षण होईल. शिबिर जमलं तर संध्याकाळी घ्या. २०२७ च्या सिंहस्थाची तयारी चाललीय, तेव्हा बंदोबस्तावरचे पोलीस, सफाई कामगार, स्टॉलवाले तासन् तास उभे राहणार आहेत, त्यांना आलटून पालटून बसायला मिळेल एवढी सोय आत्ताच प्लॅनमध्ये धरा, मोठा खर्च नाहीये. आणि फॅमिली डॉक्टरांना हात जोडून विनंती, साठीच्या पुढचा पेशंट आला की बीपीचा पट्टा सोडताना मोजे पण काढायला सांगा.

घरच्यांनी डॉक्टरकडे नेताना एक करा, पायाला लावलेल्या सगळ्या अर्धवट ट्यूबा, तेलं, मलमं, लेबल गेलेल्या डब्यांसकट एका पिशवीत घाला आणि चालू गोळ्यांच्या पाकिटांबरोबर टेबलावर ओता. आणि त्या दिवशी सकाळी पायाला काहीही लावू नका, डॉक्टरला कातडी जशी आहे तशी दिसू द्या.

आपला,
एक औषध दुकानदार, नाशिकरोड